फोटोखालचे नाव

आपल्या शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन यंदाही उत्साहात पार पडले. त्याचे फोटो मागील अंकात सर्वांनी पाहिले, नावाजले. मात्र ते कोणी काढले हे आम्ही छापले नाही. चूक आमचीच. छायाचित्रकार आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी. पगारी नोकरी नाही. लग्न, मुंज, दुकानाचे उद्घाटन, पासपोर्ट फोटो, मिळेल ते काम करतात. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी जागा उरली तर बघा, सर." तक्रार केली असती तर आम्हांला इतके लागले नसते. या अंकात प्रत्येक फोटोखाली त्यांचे नाव आहे, म्हणून येथे पुन्हा देत नाही.

आमच्याच बैठकीत एक प्रश्न निघाला होता: आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग फोटोग्राफरला पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही त्या दिवसाचे पालकांनी पाठविलेले फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येकाने आपापले मूल टिपले आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. पण ज्यांचे आईवडील येऊ शकले नाहीत, कारण साखर कारखान्याचा हंगाम चालू होता आणि पाळी बदलून मिळाली नाही, त्या मुलांचा एकही फोटो त्यात नाही. छायाचित्रकारांच्या फोटोंत ती सगळी आहेत. लेझीमच्या मागच्या रांगेतील मुलगाही आहे.

दुसरे काम त्यांनी आपणहून केले. ग्रंथालयात खिडकीपाशी खुर्ची ठेवून आपल्या ज्येष्ठांचे एकेकटे फोटो काढले. ताप्ती लाइनने नंदुरबार-अमळनेरकडून बारडोलीस येऊन स्थिरावलेली ही पिढी. एका आजींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हात पण येऊ दे रे, सगळं यांनीच केलंय." हात आले आहेत. फोटो पान ३ वर पाहावा.

त्याच आजी जाता जाता कार्यालयातील जुन्या समूहफोटोपुढे थांबल्या. हा फोटो किती वर्षे तिथे टांगलेला आहे! आम्ही रोज त्याच्यासमोरून जातो, पण त्यातील एकाचेही नाव आम्हांला सांगता येत नव्हते. मागे ना नावे, ना साल, ना काढणाऱ्याचा शिक्का. आजींनी काचेवर बोट ठेवले, "ही मी."

विद्यार्थी मित्रांनो, येथून जवळच्या नवसारीत १९१३ साली होमाई व्यारावाला यांचा जन्म झाला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईस जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना एका सहलीचे फोटो काढण्याचे काम त्यांना मिळाले आणि मग अशीच सुटी कामे मिळत गेली. पण सुरुवातीची त्यांची छायाचित्रे छापून आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. स्त्रीचे आणि तेही अनोळखी नाव कोण छापणार? ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर तिरंगा फडकला तेव्हा त्याच बाई कॅमेरा घेऊन तेथे होत्या. (त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनावही घेतले होते, त्यांच्या मोटारीचा नंबर डी.एल.डी. १३ होता!) १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि अखेरची वर्षे वडोदऱ्यात काढली. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २०१२ मध्ये त्या गेल्या. नाव मिळाले, पण किती उशिरा!

१९५७ चा कॉपीराइट कायदाही इथे लक्षात घेण्यासारखा आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जाते. पण 'हे काम माझे' असे सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे 'आम्ही पैसे दिले' म्हणून नाव गाळता येत नाही. आणि आपण तर पैसेही पुरते दिलेले नाहीत. 'शाळेचे काम आहे' म्हणून त्यांनी निम्मेच घेतले, आपणही आग्रह केला नाही. विश्वस्त मंडळाने पुढील वर्षापासून या कामाची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी धरावी, अशी आमची विनंती आहे. मूळ फाइल्सही दोन ठिकाणी ठेवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो लहान होऊन येतो. तो भिंतीवर लावण्याजोगा राहत नाही.

पालकांनी घरचे जुने फोटो काढून मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढे उमटतो. आजी-आजोबांना विचारून आताच लिहावीत.

कार्यालयातील तो समूहफोटो महिनाभर व्हरांड्यातील टेबलावर ठेवला आहे, शेजारी वही आहे. दुसऱ्या रांगेतील उजवीकडून तिसरी मुलगी ओळखली गेली आहे. बाकीच्या जागा रिकाम्या आहेत.