नुसती केबल आवळू नका

आदिलाबादहून निर्मलला जाताना महबूब घाट लागतो. तेथे चढावर मुलांची व्हॅन उभी केली, की सारी भिस्त हँडब्रेकवर असते. हँडब्रेकचा दांडा जास्त वर येऊ लागला, की बरेच जण केबल आवळून मोकळे होतात. आमच्या मते हे दुखणे झाकणे होय. बहुधा मागच्या ड्रममधील लायनर झिजलेले असतात. आधी ड्रम उघडून लायनरची जाडी पाहावी, शू जुळवावेत, मगच केबलला हात लावावा. नंतर ब्रेक सोडून चाक मोकळे फिरते की नाही, हेही पाहावे.

प्रत्येक सत्राआधी मुलांच्या सर्व गाड्यांची अशी तपासणी व्हावी. तिची नोंद विश्वस्तांनी व पालकांनी मागून पाहावी. विद्यार्थी मित्रांनो, घरच्या गाडीचा हँडब्रेक ओढताना होणारे खटके मोजा. वाढले तर आई-वडिलांना सांगा.