एका मिनिटात संपणारे बेट

'मिस्ट' हा संगणकावरचा खेळ १९९३ साली आला. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी तो बनवला. आपण एका निर्मनुष्य बेटावर उभे असतो. कुठे जायचे, काय करायचे, हे कोणी सांगत नाही. माउसने इथे-तिथे क्लिक करत, यंत्रे फिरवत, वाचनालयातली पुस्तके चाळत कोडी सोडवायची. पहिल्यांदा खेळणाऱ्याचे यात कित्येक दिवस जातात. हाच खेळ काही लोक जेमतेम मिनिटभरात संपवतात.

बेटावरचे आठही खटके वर करायचे, मग धक्क्याजवळचा एक पुन्हा खाली करायचा, की दडवलेले पांढरे पान हाती येते. ते घेऊन वाचनालयातल्या शेकोटीत एक ठरावीक नक्षी उमटवायची, हिरवे पुस्तक मिळवायचे आणि त्याच्या आत अडकलेल्या माणसाला पान द्यायचे. संपला खेळ. ती नक्षी दर वेळी तीच असते. म्हणजे खेळाडू आणि शेवट यांच्यामध्ये भिंत होती ती केवळ माहितीची. माहिती मिळाली की भिंत नाहीशी.

खेळ कमीत कमी वेळात संपवण्याच्या या प्रकाराला स्पीडरनिंग म्हणतात. धावाधावीच्या, उड्या मारण्याच्या खेळांत बोटांची चपळाई लागते. क्लिक करत पुढे जाण्याच्या या जुन्या साहसखेळांत तिचे काम थोडे. इथे सगळे डोक्यात असावे लागते: कोणती वस्तू कुठे आहे, कोणता संवाद गाळता येतो, कोणता गाळला तर पुढचे दार उघडत नाही. हा जवळजवळ पाठांतराचाच खेळ झाला. म्हणून शिकवण्याचा पेशा असलेल्या माणसाला तो विचार करायला लावतो.

आज हे खेळ बहुतेक लोक 'स्कमव्हीएम'सारख्या प्रोग्रॅमवर खेळतात. २००१ साली सुरू झालेला हा प्रकल्प फुकट आणि सर्वांसाठी खुला आहे. लोक त्याला सहज एम्युलेटर म्हणतात. प्रत्यक्षात तो जुन्या संगणकाची नक्कल करत नाही. खेळाची चित्रे आणि संवाद ज्या यंत्रणेवर चालत, ती यंत्रणाच त्याने नव्याने लिहिली आहे. मूळ फाइली आपल्याकडे असाव्या लागतात. 'बिनीथ अ स्टील स्काय'सारखे काही खेळ मालकांनीच मोफत केले आहेत. बाकीच्यांची प्रत रीतसर घ्यावी, दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क म्हणूनही.

या प्रोग्रॅममध्ये काही खेळ दामटून पळवण्याची सोयही आहे. पण ती वापरून केलेली धाव खरी धरत नाहीत. धावणारा आपला पूर्ण व्हिडिओ देतो, जाणकार तो तपासतात, मगच वेळेची नोंद होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. खेळ बनवणाऱ्याने एवढे जग उभे केले, गोष्ट रचली, विनोद पेरले आणि हा माणूस सगळे ओलांडून पळत सुटतो. हा त्या कलेचा अपमान नाही का?

मला तसे वाटत नाही. आपल्याकडे हिफ्ज केलेल्या मुलाला दौर करताना ऐकावे. तो भरभर म्हणत जातो. नवख्याला वाटते, हा नुसता पळतोय. पण उस्तादांचा कान प्रत्येक हरफावर असतो आणि तो वेग अनेक वर्षांच्या सबकातून आलेला असतो. तरावीहमध्ये हाफिज अडखळला तर मागचा हाफिज लगेच लुकमा देतो. कुरआनची खेळाशी तुलना करण्याचा इथे हेतू नाही, हे सांगायला नको. मुद्दा पाठ असण्याच्या स्वभावाचा आहे. ज्याला एखादी गोष्ट खरोखर पाठ आहे, त्याचा वेग हा बेपर्वाईचा वेग नसतो. आणि तरीही आपल्याला तरतीलची, थांबून स्पष्ट पढण्याची ताकीद आहे. वेग जमतो म्हणून तोच मकसद होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. 'मिस्ट'च्या बेटावर एकही कोडे न सोडवलेला मुलगासुद्धा कागदावर लिहून घेतलेल्या पायऱ्या गिरवून खेळ लवकर संपवू शकतो. ज्याने तो अनेकदा खेळून, चुकून, नकाशे काढून ही वाट शोधली, त्याच्यात आणि या मुलात शेवटच्या पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. दोघांनाही बेटाने सारखेच गुण दिले! अपेक्षित प्रश्नसंच घोकून आलेला विद्यार्थी आणि धडा समजून आलेला विद्यार्थी आपल्या उत्तरपत्रिकांत असेच सारखे दिसतात. आपण मुलांना दोष देतो. दोष बेटाचा आहे.

आता दुसरा खेळ पाहा. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', १९९०. रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. समुद्री चाचा होऊ पाहणाऱ्या गायब्रशला तीन परीक्षा द्यायच्या असतात, त्यांतली एक तलवारबाजीची. इथे तलवारीपेक्षा जीभ चालते. समोरच्याने टोमणा मारायचा, आपण सव्वाशेर उत्तर द्यायचे. पण गंमत अशी की खेळणाऱ्याला सगळी उत्तरे पाठ असून भागत नाही. बेटावरच्या वाटांवर भेटणाऱ्या चाच्यांकडून गायब्रशने ती स्वतः ऐकली नसतील, तर ती निवडायला पडद्यावर येतच नाहीत. कोणता चाचा कोणता टोमणा मारेल, याचा भरवसा नाही. त्यामुळे कसलेल्या स्पीडरनरलाही इथे थांबावे लागते, हरावे लागते आणि पुरेसे शिकून झाले का, हे जागेवरच ठरवावे लागते.

खरी परीक्षा त्याहून पुढे आहे. तलवारबाजीत उस्ताद असलेली कार्ला वेगळेच टोमणे मारते. उत्तरे मात्र जुनीच चालतात. जो केवळ प्रश्न-उत्तराची जोडी घोकून आला, तो पहिल्यांदा इथे गडबडतो. ज्याला उत्तराचा अर्थ कळला, तो नव्या टोमण्याला जुने उत्तर बरोबर लावतो.

पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका विनोदी खेळाला जे जमले, ते आपल्या प्रश्नपत्रिकांना का जमू नये? धड्यातले उत्तर तेच ठेवा, प्रश्न बदला. मुलाने तोंडपाठ म्हटले की त्याच गोष्टीबद्दल त्याने न ऐकलेला एक सवाल विचारा. मराठी शाळा असो, उर्दू शाळा असो की मदरसा, एवढे करायला पैसा लागत नाही. शिकवणाऱ्याला थोडी जास्त मेहनत मात्र लागते, आणि आपण टाळतो ती तीच.

घरात एखादा मुलगा जुन्या खेळावर घड्याळ लावून बसला असेल, तर लगेच डाफरू नका. त्याला एवढेच विचारा की ही वाट त्याने स्वतः शोधली की कुठून उतरवली. उतरवली असेल, तर एकदा घड्याळ बंद करून सगळे बेट पायी फिरून ये म्हणावे. शोधली असेल, तर शेजारी बसून त्याच्याकडून ती समजून घ्यावी.