रॉबर्ट ग्रिफिन तिसरा दुखापत वाद

रॉबर्ट ग्रिफिन तिसरा दुखापत वाद हा नॅशनल फुटबॉल लीगच्या २०१२ हंगामातील वाद आहे. जखमी नवोदित क्वार्टरबॅकला मैदानावर ठेवल्याबद्दल वॉशिंग्टन रेडस्किन्सचे (सध्याचे कमांडर्स) प्रशिक्षक माइक शॅनाहन यांच्यावर टीका झाली.

पार्श्वभूमी

ग्रिफिनच्या पदार्पणाच्या हंगामात संघाने १९९९ नंतर प्रथमच गटविजेतेपद मिळवले. ९ डिसेंबर २०१२ रोजी बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध त्याच्या उजव्या गुडघ्याला इजा झाली. एक सामना विश्रांती घेऊन तो परतला. ६ जानेवारी २०१३ रोजी सिॲटल सीहॉक्सविरुद्धच्या बाद फेरीत पहिल्या सत्रातच तो गुडघा पुन्हा दुखावला. तरीही तो चौथ्या सत्रापर्यंत लंगडत खेळला आणि अखेर कोसळला. १४–० ने आघाडीवर असलेला संघ २४–१४ असा पराभूत झाला.

टीका

वॉशिंग्टनमधील क्रीडा रेडिओवरील चर्चेत मुख्य प्रश्न एकच होता : राखीव क्वार्टरबॅक कर्क कझिन्स उपलब्ध असताना बदल का केला नाही? आपण खेळू शकतो, या ग्रिफिनच्या शब्दावर विश्वास ठेवल्याचे शॅनाहन यांनी सांगितले. टीकाकारांच्या मते, २२ वर्षांचा जिद्दी खेळाडू स्वतःहून बाहेर जाणार नाही. म्हणूनच हा निर्णय प्रशिक्षकाने घ्यावयाचा असतो.

परिणाम

९ जानेवारीस ग्रिफिनच्या गुडघ्याच्या दोन अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. २०१३ च्या हंगामातील शेवटच्या तीन सामन्यांत शॅनाहन यांनी त्याला दुखापतीपासून जपण्याचे कारण देऊन बसवले. आदल्या वर्षी न दाखवलेली सावधगिरी आता दाखवल्याने वाद पुन्हा पेटला. ३० डिसेंबर २०१३ रोजी शॅनाहन यांना पदावरून दूर करण्यात आले.