पाचातले चार गोल एकाचेच!

आज कणकवलीहून थेट मेलबर्नला जाऊया, १९५६च्या ऑलिम्पिकला.

मूळचा गोव्याचा फॉरवर्ड नेव्हिल डिसोझा. त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ही पहिलीच. भारत ४-२ने जिंकला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १-४ने हरलो, तो एक गोलही नेव्हिलचाच. ब्राँझच्या सामन्यात नेव्हिलचा गोल झाला नाही आणि बल्गेरियाने ३-०ने हरवलं. स्पर्धेत भारताचे गोल ५, त्यातले ४ त्याचे!

दोष नेव्हिलचा नाही, त्याने काम चोख केलं. पण आता तुमची वही उघडा. कोकम सरबत असो, काजू असो की मालवणी मसाला, १०० रुपयांतले ८० एकाच दुकानदाराकडून येतात का? मग त्याने ऑर्डर थांबवली, तर कामाच्या बायकांचा पगार आणि बँकेचा हप्ता कुठून देणार?

त्या दुकानदाराला सोडू नका हां, तो तुमचा नेव्हिल आहे. पण माझं स्पष्ट मत: नवीन मशीन घेण्याआधी गोल करणारा दुसरा माणूस शोधा. या महिन्यात एक तरी नवीन गिऱ्हाईक जोडा.