भिंतीवरचे अण्णा

परवा भाची नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होती. मध्येच म्हणाली, "मामा, तुझा रोल मॉडेल कोण?" मी लगेच म्हटलं, "महर्षी कर्वे." ती हसली. "सगळे असंच गेलेल्या माणसाचं नाव सांगतात. तो उलट काही विचारायला येत नाही ना!"

पोरगी सहज बोलून गेली, पण ते काही डोक्यातून जाईना.

आमच्या पुण्यातल्या जुन्या घरी बाहेरच्या खोलीत अण्णासाहेब कर्व्यांचा फोटो होता, आजोबांनी लावलेला. अण्णा हिंगण्याहून फर्ग्युसनला पायी शिकवायला जायचे, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हे सांगताना तर आजोबांचा आवाज चढायचा. "कर्मठ लेकाचे!" त्यानंतर पासष्ट वर्षांनी, १९५८ मध्ये, अण्णांना भारतरत्न मिळालं. तोवर ते शंभरीला पोचले होते.

त्यांच्या मुलाचं, र. धों. कर्व्यांचं नाव मात्र आमच्या घरात कधी निघालं नाही. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड भरावा लागलाच. मी हे सगळं वाचलं ते कॉलेजात गेल्यावर, आणि 'काय माणूस!' म्हणून भारावून गेलो. पण खरं सांगायचं तर १९३० साली मी त्यांचा वर्गणीदार झालो असतो का? पोस्टमन घरी अंक टाकणार, शेजारी बघणार... मला नाही वाटत.

हे एवढ्या खात्रीने म्हणतोय त्याला कारण आहे. १९८६ मध्ये माझ्या आत्याने दुसरं लग्न केलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ज्यांच्याशी केलं ते गृहस्थ जातीबाहेरचे आणि घटस्फोटित. आजोबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त तिचं नाव घेणं थांबवलं. त्या दिवाळीत ती करंज्यांचा डबा घेऊन आली. दार मी उघडलं. एकोणीस वर्षांचा होतो, म्हणजे काही लहान नव्हतो. आतून खूण झाली तसं सांगितलं, "आजोबा झोपलेत." आत रेडिओवर बातम्या चालू होत्या, तिलाही ऐकू येत होत्या. तिने डबा माझ्या हातात दिला आणि जिना उतरली. माझ्या मागे भिंतीवर अण्णा होतेच.

डबा परत द्यायलासुद्धा मी गेलो नाही.

म्हणून मला वाटतं, माणूस कुणाला मानतो हे बघायचं तर त्याला हयात माणसांबद्दल विचारावं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं उदाहरण घ्या. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. यावर आपण सगळे टाळ्या वाजवतो, मीही. पण हेच डॉक्टर दारूबंदीबद्दल बोलायला लागले की आमच्या मित्रमंडळात लगेच "हे जरा अती होतंय" सुरू होतं. त्यात माझाही आवाज असतो, कारण शनिवारची बैठक मला सोडायची नाहीये. बंदीने दारू सुटते का, यावर वाद जरूर घालावा. पण मी वाद घालत नाही, विषय बदलतो.

असो. जुनं घर बिल्डरकडे गेलं तेव्हा तो फोटो मी आणला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या वर्षी घरी आली तेव्हा फोटोपुढे जरा थांबली आणि म्हणाली, "काच पुसत जा रे अधूनमधून."

त्या डब्याचं मी त्या दिवशीही काही बोललो नाही. इथे लिहिलंय, आता फोन करतो.