खाजेची कैफियत

वांगे, गूळ, दही आणि कोणाच्या तरी लग्नात खाल्लेली मासळी: अंगावर पुरळ उठून ते पंधरवडाभर हटेनासे झाले की आपल्या घरांतून प्रथम याच मंडळींवर आरोप ठेवण्यात येतो, आणि कोणताही साक्षीपुरावा न घेता त्यांना पानावरून हद्दपार केले जाते. तेवढ्यानेही कंड शमली नाही म्हणजे रक्त दूषित झाल्याचा निकाल वडीलधारी माणसे देतात, आणि अखेरीस कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते, जी लावताच रात्रीतून आराम पडतो आणि जी संपताच खाज दुप्पट जोराने परत येते. हे पुरळ उठले कशाने, हा साधा प्रश्न या साऱ्या खटाटोपात कोणी विचारलेलाच नसतो.

या ट्यूबेविरुद्ध माझी मुख्य फिर्याद अशी की ती पुरावा नष्ट करते. गजकर्णाचा चट्टा मूळचा ओळखावयास सोपा असतो. कडेला लालसर, किंचित उंचावलेली, बारीक सालपटे धरलेली वर्तुळाकार किनार आणि मध्ये निवळत चाललेली त्वचा. त्यावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन या जातीचे स्टेरॉइड घातलेले मिश्र मलम चोळले म्हणजे लाली दबते, किनार पुसट होते, बुरशी मात्र निर्वेध पसरत राहते, आणि काही महिन्यांनी तोच रुग्ण त्वचारोगतज्ज्ञापुढे येऊन बसतो तेव्हा हे इसब, सोरायसिस की गजकर्ण, हे नुसत्या नजरेने सांगणे त्या तज्ज्ञालाही दुष्कर होते. वेषांतर करून हिंडणाऱ्या या गजकर्णाचे वर्णन इंग्लंडातील वैद्यांनी 1968 सालीच करून ठेवलेले आहे. आपल्याकडे त्याचा प्रादुर्भाव इतका वाढला की जपानी संशोधकांनी 2020 साली भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून ज्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिले, तिच्या अनेक वाणांपुढे टर्बिनाफिनसारखे भरवशाचे औषधही निष्प्रभ ठरू लागले आहे. केंद्र सरकारने 2018 साली चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली खरी. परंतु त्या हुकुमाची अंमलबजावणी कितपत होते, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीतल्या दुकानात उभे राहून पाहावे.

वास्तविक गजकर्णाचा छडा लावणे फारसे खर्चाचे काम नव्हे. चट्ट्याच्या किनारीवरील सालपटे बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घ्यावयाची, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडावयाचा आणि सालपटे विरघळून पारदर्शक झाली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू शोधावयाचे. क्षयाच्या रुग्णांची थुंकी तपासण्यासाठी तालुक्यातालुक्यांतून सरकारने सूक्ष्मदर्शक ठेवलेले आहेत. त्याच टेबलावर ही काचपट्टी का ठेवता येऊ नये, याचे उत्तर आरोग्यखात्याने द्यावे.

पण काचपट्टीच्याही आधी रुग्णाची कैफियत सविस्तर घेतली पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात घडत नाही. खाज रात्री अंथरुणात वाढते काय, घरात आणखी कोणी खाजवते काय, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर पुटकुळ्या आहेत काय, एवढे तीन प्रश्न खरजेवर बोट ठेवण्यास बहुधा पुरतात. तिचा किडा प्रथमच अंगात शिरला म्हणजे खाज सुटावयास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्याने घरातल्या इतरांकडे बिऱ्हाड हलविलेले असते, म्हणून एकट्या रुग्णाला औषध देऊन भागत नाही, साऱ्या घराने ते एकाच दिवशी लावावे लागते. अंगावर पित्त उठले आहे की आणखी काही, हे ठरविण्यासाठी तर घरातले बॉलपेन पुरे. गांधीभोवती एक रेघ ओढून ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या आत कातडी स्वच्छ असेल आणि गांधी दुसरीकडे उठल्या असतील, तर ते पित्त. गांध तेथेच ठाण मांडून बसली असेल, तर तपास निराळ्या दिशेने न्यावा.

स्पर्शाने होणाऱ्या इसबाचा माग काढणे सर्वांत कठीण, कारण अपराध आणि त्याचा परिणाम यांत एक-दोन दिवसांचे अंतर पडते, आणि त्यामुळे रुग्णाचा संशय त्या दिवशीच्या जेवणावर जातो. त्यातून, ‘मी तर वीस वर्षे हाच कलप लावतो,’ असे सांगून तो खऱ्या गुन्हेगाराची जामिनावर सुटका करवितो. वास्तविक वर्षानुवर्षे निरुपद्रवी असलेल्या पदार्थाशीही शरीर एखाद्या दिवशी वैर धरते. अशा वेळी चट्ट्याची जागाच बोलते. बेंबीखाली पँटच्या बटणाएवढा चट्टा निकेलचा, कपाळावर टिकलीएवढा चट्टा तिच्या डिंकाचा. यांसाठी वांगी सोडण्याचे प्रयोजन नाही.

पुण्याने तर या विद्येचा एक मोठा धडा साऱ्या देशाला पुरविला आहे. 1950 नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात गाजरगवताची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, अशी समजूत लोकांत आजही रूढ आहे. पुढे ओसाड जागा, रेल्वेचे रूळ आणि शेतांचे बांध त्याने व्यापले, आणि उघड्यावर वावरणाऱ्या पुरुषांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांच्या खोबणींत एक हट्टी, जाड, ओरबाडून काढावेसे वाटणारे इसब दिसू लागले. कपड्याखालची कातडी निर्दोष, चट्टे उघड्या अंगावरच, तेव्हा प्रथमदर्शनी संशय उन्हावर यावा हे स्वाभाविक होते. तथापि पापण्यांची घडी, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग, जेथे ऊन पोचत नाही तेथेही पुरळ होते. आणि ऊन पोचत नाही तेथे हवेतून धूळ पोचते. त्या वनस्पतीच्या सूक्ष्म केसांत असणारे पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या चुऱ्याबरोबर उडून कातडीवर बसत होते. हनुवटी वर उचलून पाहण्याचे कष्ट ज्याने घेतले नाहीत, त्याला ऊन आणि गवत यांतला हा भेद कळणे शक्यच नव्हते.

कारण एकदा सिद्ध झाले की ते सरकारदरबारी मांडता येते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. गवंड्यांचे हात फाटतात, चिघळतात आणि अखेर त्यांना थापी खाली ठेवावयास लावतात, ते सिमेंटातील षट्संयुजी क्रोमियममुळे, हे निश्चित झाल्यावर डेन्मार्कने फेरस सल्फेट मिसळून तो क्रोमियम निष्प्रभ करण्याचा मार्ग धरला आणि युरोपीय संघाने 2005 पासून सिमेंटातील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली. गवंड्याला नुसते मलम देत राहिले असते, तर हा कायदा कधी झाला नसता.

अशा संशयितांची एकत्र ओळखपरेड घेण्याची पद्धत, जिला आपण पॅच टेस्ट म्हणतो, योझेफ याडासोन या जर्मन वैद्याने 1895 साली मांडली. पाठीवर छोट्या चकत्यांतून वेगवेगळे पदार्थ दोन दिवस चिकटवून ठेवावयाचे आणि कोणाखाली कातडी लाल होऊन फुगते ते तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहावयाचे. भारतीय रुग्णांसाठी बेतलेल्या मालिकेत गाजरगवताचाही समावेश आहे. ही सोय वैद्यकीय महाविद्यालयांपुरती न राहता प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावी, अशी माझी मागणी आहे. ज्यांना ही परीक्षा करवून घ्यावयाची आहे त्यांनी ती पुरळ शांत असताना व शक्यतो दिवाळीनंतरच्या थंडीत करवावी, कारण वैशाखातल्या घामाने चकत्या सुटतात. पाठ भिजू देऊ नये, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या वा पाठीवर लावलेली मलमे चालू असतील तर ती डॉक्टरांना आधीच सांगावीत, एरवी निकाल खोटा येतो.