जुन्या पोलादाला नवे शिफ्टर : जरूर, पण परतीची वाट ठेवून

१९९४ साली स्पेनच्या मिगेल इंदुराइनने सलग चौथ्यांदा टूर द फ्रान्स जिंकली. त्याच्या सायकलची फ्रेम पोलादी होती आणि गिअर बदलायची कळ ब्रेकच्या लिव्हरमध्येच होती. पोलादी फ्रेमवर जिंकलेली ती शेवटची टूर मानली जाते. म्हणजे पोलादी फ्रेम आणि ब्रेक-लिव्हरमधले शिफ्टर हा काही आजच्या हौशी मंडळींनी जुळवलेला विजोड संसार नव्हे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची कित्येक वर्षे जगातल्या उत्तमोत्तम सायकलपटूंनी याच जोडीवर काढली.

तरीही सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या कोलनागो, रॅले किंवा प्यूजो फ्रेमवर कुणी नवे शिफ्टर चढवले, की जुन्या सायकलींच्या जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचा आक्षेप समजून घेण्यासारखा आहे, सरसकट मान्य करण्यासारखा नाही. कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेली चांगली फ्रेम केवळ गिअर बदलणे जिकिरीचे होते म्हणून माळ्यावर धूळ खात असेल, तर तिला नवे शिफ्टर लावून रस्त्यावर आणणे हेच योग्य. अट एकच. उद्या कुणाला ती पूर्ववत करावीशी वाटली, तर करता आली पाहिजे.

जिकिरीचे म्हणजे काय, हे जुनी रेसिंग सायकल चालवलेल्यांना सांगायला नको. त्या सायकलींच्या गिअरच्या दोन छोट्या कळा फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर असत. गिअर बदलायचा तर एक हात हॅंडल सोडून गुडघ्यापाशी न्यायचा, कळ अंदाजाने सरकवायची आणि साखळीची खरखर थांबेपर्यंत पुढे-मागे करायची. मोकळ्या, सपाट रस्त्यावर यात मौज आहे. पण चढावर उभे राहून पेडल मारताना, उतारावर दोन्ही हात ब्रेकवर हवे असताना किंवा रिक्षा-बसच्या गर्दीत खड्डे चुकवताना एक हात सोडणे धोक्याचे असते. शिमानो कंपनीने १९९० मध्ये ‘ड्युरा-एस’ मालिकेत हा प्रश्न सोडवला. ब्रेकची पट्टी आतल्या बाजूला ढकलली की केबल ओढली जाते आणि तिच्यामागची छोटी पट्टी ढकलली की केबल सुटते. इटलीच्या कॅम्पाग्नोलोने १९९२ मध्ये ‘एर्गोपॉवर’ आणले. त्यात केबल सोडायचे बटण अंगठ्याखाली आले. दोन्हींत हात हॅंडलवरून हलत नाही.

जुन्याच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष इटलीतल्या ‘लेरोइका’ची. तोस्कानातल्या गायोले इन किआंती गावात १९९७ साली जियानकार्लो ब्रोच्ची यांनी ही फेरी सुरू केली. तिथले पांढरे मुरमाड रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, ही त्यामागची तळमळ. साधारण १९८७ पर्यंतचीच सायकल, खालच्या नळीवरच्या कळा, पट्ट्यांचे पेडल आणि हॅंडलवरून मोकळ्या निघणाऱ्या ब्रेकच्या वायरी हे तिथले नियम. त्या फेरीसाठी ते नियम शोभतात आणि टिकायलाही हवेत. पण वर्षातल्या एका फेरीचा नियम रोजच्या वापरातल्या प्रत्येक जुन्या सायकलीला लावण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न नीतीपेक्षा मिलिमीटरचा आहे. मागचे चाक जिथे बसते, त्या दोन टोकांमधले अंतर पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये १२० मिलिमीटर असे, तर सहा-सात गिअरच्या फ्रेममध्ये १२६. आठ गिअर आले तेव्हा ते १३० झाले आणि डिस्क ब्रेक येईपर्यंत तिथेच राहिले. त्यामुळे नव्या पद्धतीचे चाक जुन्या फ्रेमला घट्ट होते. १२६ ची फ्रेम हाताने किंचित फाकवून त्यात १३० चे चाक बसते, पुष्कळ जण तसेच चालवतातही. नीट काम करायचे तर मात्र फ्रेम गरम न करता, प्रत्येक बाजू दोन-दोन मिलिमीटर वाकवून कायमची बसवावी लागते. अमेरिकेतले दिवंगत सायकल-तज्ज्ञ शेल्डन ब्राउन यांनी ही पद्धत घरोघरी पोहोचवली. तपासणीला लागतो फक्त दोरा. मागच्या एका टोकाला दोरा बांधायचा, पुढे हॅंडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. दोन्हीकडे सारखे आले म्हणजे मागचा त्रिकोण मध्यावर आहे. मग चाक बसते ती दोन्ही टोके एकमेकांना समांतर आहेत ना, हे पाहायचे. ती तिरपी राहिली तर आस वाकतो, प्रसंगी तुटतो.

हे पोलादालाच जमते. कार्बनच्या किंवा चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करूच नये.

दुसरी अडचण चटकन दिसत नाही. जुन्या घर्षणाच्या कळेला ठरलेले टप्पे नसत. साखळी सरकवणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो हॅंगर थोडा वाकडा असला तरी चालवणारा कानाने ऐकून साखळी जागेवर आणत असे. टप्प्याटप्प्याने टकटक चालणाऱ्या शिफ्टरला ती सवलत नाही. शिमानोच्या आठ गिअरच्या शिफ्टरचा एक टप्पा केबल सुमारे २.८ मिलिमीटर ओढतो, डिरेलर त्याच्या साधारण १.७ पट सरकतो आणि साखळी ४.८ मिलिमीटर पलीकडच्या दातेरी चकतीवर जाते. दहा गिअरमध्ये दोन चकत्यांमधले अंतर चार मिलिमीटरच्याही आत येते. तिथे वाकडा हॅंगर प्रत्येक गिअरला खरखर करणार. म्हणून शिफ्टर विकत घेण्याआधी हॅंगर सरळ करण्याचे गेज ज्याच्याकडे आहे, असा कारागीर गाठावा. अनेकांचे पैसे वाया जातात ते इथेच. दोष हॅंगरचा असतो आणि बदलले जातात शिफ्टर.

बाकीची कामे तुलनेने सोपी आहेत. खालच्या नळीवर कळांसाठी झाळलेले खुंट असतील, तर कळा काढून तिथेच केबल थांबवणारे स्टॉप बसतात. खुंट नसतील तर पट्ट्याने आवळायचे स्टॉप मिळतात. गिअरच्या केबलची आऊटर, म्हणजे बाहेरची नळी, ब्रेकला मात्र कदापि वापरू नये, कारण जोरात ब्रेक दाबल्यावर ती फुटू शकते. सत्तावीस इंची चाकाच्या जागी ७०० सी चाक घातले की रिम चार मिलिमीटर खाली जाते. ब्रेकचे पॅड तिथवर पोहोचतात का, हे आधी पाहावे. नव्या लिव्हर आणि जुने ब्रेक यांचे केबल ओढण्याचे प्रमाणही जुळायला हवे. ते जुळले नाही तर लिव्हर दाबूनही सायकल हवी तिथे थांबत नाही. शिफ्टरच्या हौसेत ब्रेककडे दुर्लक्ष करणे ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक ठरते.

मग किती गिअर घ्यावेत? आठ किंवा नऊ, फार तर दहा. चकत्यांमधले अंतर मोठे असले की जुन्या फ्रेमच्या बारीकसारीक उणिवा पोटात घातल्या जातात, साखळीही जास्त टिकते. शिमानोची ‘क्लॅरिस’ ही आठ गिअरची मालिका भारतातल्या अनेक नव्या सायकलींवर दिसते, त्यामुळे तिचे भाग हुडकत बसावे लागत नाही. जुन्या बाजारातून नव्वदच्या दशकातले आठ गिअरचे ड्युरा-एस शिफ्टर घेणाऱ्याने मात्र सावध असावे. त्याचे केबल ओढण्याचे प्रमाण शिमानोच्याच इतर मालिकांशी जुळत नाही. ज्यांना गिअरची एकही केबल नको, त्यांच्यासाठी स्रॅम कंपनीने २०१५ मध्ये बिनतारी ‘ईटॅप’ आणले. जुन्या फ्रेमला त्यात स्टॉपसुद्धा लागत नाहीत, पण खर्च फ्रेमच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

जुन्या कळांच्या बाजूने एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करायला हवी. त्या जवळजवळ बिघडतच नाहीत. एक स्क्रू, दोन वॉशर, एवढाच कारभार. लिव्हरमधल्या शिफ्टरच्या पोटात मात्र बारीक स्प्रिंगा आणि खिट्ट्या असतात. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर आतले ग्रीस सुकते आणि कळ नुसतीच हलते. अनेकदा ते धुऊन नवे वंगण घातले की काम भागते. जुने एर्गोपॉवर तर उघडून दुरुस्त होई, शिमानोचे तसे नव्हते. वजनाचाही मुद्दा आहेच. पुढे ज्याची सगळी टूर विजेतेपदे काढून घेतली गेली, तो लान्स आर्मस्ट्राँग डोंगराळ टप्प्यांत वजन वाचवण्यासाठी पुढच्या गिअरची कळ जुन्या पद्धतीने खालच्या नळीवरच ठेवत असे. मागचा गिअर सतत बदलावा लागतो, पुढचा क्वचित. ही अर्धीअर्धी वाटणी आजही शहाणपणाची आहे.

महाराष्ट्रात हा विषय केवळ संग्राहकांचा राहिलेला नाही. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांना जाणारे पुष्कळ आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. रात्री, दमलेल्या हातांनी, घाटात गिअर बदलताना हॅंडलवरून हात काढावा न लागणे ही चैन नव्हे. आजोबांच्या ॲटलस किंवा हर्क्युलिसला हे शिफ्टर लावता येतील का, असेही हमखास विचारले जाते. लावू नयेत. अठ्ठावीस इंची चाके, सळ्यांचे ब्रेक आणि एकच गिअर असलेल्या त्या सायकलला डिरेलरचा हॅंगरच नसतो. तिला तेलपाणी करून आहे तशीच चालवावी.

फ्रेमला भोक पाडून केबल आतून नेण्याचे प्रकारही होतात. त्याला ठाम विरोध व्हायला हवा. चांगल्या पोलादी नळीची जाडी मधल्या भागात मिलिमीटरपेक्षाही कमी असते आणि पाडलेले भोक परत बुजत नाही. मूळ रंग खरवडून काढणेही तितकेच वाईट. एखादी सायकल पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या वॉशरपर्यंत मूळ अवस्थेत असेल, तर तिला हातच लावू नये. अशा सायकली थोड्या उरल्या आहेत आणि शिफ्टर चढवायला नुसत्या फ्रेमा भरपूर मिळतात.

घरात अशी एखादी फ्रेम असेल, तर आधी चुंबक लावून ती पोलादी आहे ना ते पाहा, मागच्या टोकांमधले अंतर मोजा आणि हॅंगर तपासून घ्या. काढलेल्या कळा, मूळ चाके आणि ब्रेक पिशवीत घालून, वर फ्रेमचे नाव आणि साल लिहून ठेवा. सायकल विकायची वेळ आली, तर ती पिशवीही घेणाऱ्याच्या हाती द्या.